कुणाशी, कुणापुढे आणि कशावरून

५ ऑक्टोबर २०१६ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने भारताविरुद्धचा एक दावा नऊ विरुद्ध सात मतांनी निकालात काढला. दावा लावला होता मार्शल आयलंड्स या पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या देशाने. १९४६ ते १९५८ या काळात अमेरिकेने या बेटांवर ६७ अणुचाचण्या केल्या होत्या, त्यामुळे अण्वस्त्रांविषयी बोलण्याचा त्यांचा हक्क कुणी नाकारला नसता. अण्वस्त्रं संपवण्यासाठी मनापासून वाटाघाटी करण्याचं कर्तव्य भारत पाळत नाही, असं त्यांचं म्हणणं. न्यायालय या म्हणण्यापर्यंत पोचलंच नाही. ते उंबऱ्यातच एका शब्दाला अडलं. तुम्हा दोघांत ‘डिस्प्यूट’ आहे का? बहुमताने ठरलं, नाही. आपल्या भूमिकेला मार्शल आयलंड्सचा थेट विरोध आहे हे दावा दाखल होण्यापूर्वी भारताला ठाऊक होतं, किंवा ठाऊक नसणं शक्यच नव्हतं, असं दिसत नाही; आणि समोरच्याला पत्ताच नसेल तर तो ‘डिस्प्यूट’ नव्हे. त्याच दिवशी ब्रिटनविरुद्धचा दावाही याच कारणाने बारगळला. तिथे मतं आठ-आठ पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मतावर निकाल लागला.

दोघांची मतं जुळत नव्हती, याबद्दल न्यायालयात कुणाला शंका नव्हती. म्हणजे ‘डिसअ‍ॅग्रीमेंट’ होतंच. ते एकट्याच्या मनातही राहू शकतं, समोरच्याला न कळता वर्षानुवर्षं राहू शकतं. ‘डिस्प्यूट’ मात्र समोरच्याच्या कानावर घालावा लागतो. तो उभा राहायला दोन पक्ष लागतात, दोघांनी एकमेकांचं म्हणणं ऐकलेलं लागतं, आणि बहुतेक वेळा तिसराही कुणीतरी लागतो, निवाडा देणारा.

पुढच्या पानांत इंग्रजीतले भांडणाचे आणि मतभेदाचे शब्द गोळा केले आहेत. बातम्या, करार, निकालपत्रं आणि कादंबऱ्या इंग्रजीतून मराठीत आणणारे, आणि कामापुरतं का होईना पण रोज इंग्रजी लिहिणारे, अशांसाठी ते आहेत. शाळेत आपण हे शब्द एका शिडीवर चढवून शिकतो. खालच्या पायरीवर साधा मतभेद, मग वाद, मग भांडण, मग मारामारी, सगळ्यांत वर युद्ध. जितका राग जास्त तितका शब्द मोठा. माझ्या मते या शिडीने फार नुकसान केलं आहे. रागाच्या मापाने हे शब्द वेगळे होतच नाहीत. अत्यंत थंड डोक्याने चाललेला ‘डिस्प्यूट’ तीस वर्षं चालतो आणि तळतळून झालेलं ‘क्वॉरल’ संध्याकाळच्या चहाला मिटतं. विचारायचं ते हे: भांडण कुणाशी, कुणापुढे, कशावरून, आणि ते मिटायची वाट कोणती?

‘डिस्प्यूट’बद्दलच आणखी थोडं बोलतो, कारण मराठी वर्तमानपत्रांत या शब्दाची सर्वांत जास्त आबाळ होते. हेगच्याच जुन्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९२४ मध्ये, पॅलेस्टाइनमधल्या सवलतींविषयीच्या मावरोमाटिस खटल्यात, त्याची व्याख्या करून ठेवली आहे. कायद्याच्या किंवा वस्तुस्थितीच्या मुद्द्यावरचं ‘डिसअ‍ॅग्रीमेंट’, कायदेशीर मतांचा किंवा हितसंबंधांचा ‘कॉन्फ्लिक्ट’, असा तिचा आशय. एक शब्द समजावायला दोन शब्द कामाला लावले, आणि तिघांना एकमेकांच्या जागी बसवता येत नाही हे त्यातच सिद्ध झालं.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत तर या शब्दावर मताचा अधिकार टांगलेला आहे. सुरक्षा परिषद ‘डिस्प्यूट’चीही चौकशी करू शकते आणि ‘सिच्युएशन’चीही. पण सहाव्या प्रकरणाखालच्या ठरावावर मतदान आलं की ‘डिस्प्यूट’मधल्या पक्षाने मत द्यायचं नाही; नुसती ‘सिच्युएशन’ असेल तर हे बंधन नाही. १ जानेवारी १९४८ रोजी भारताने काश्मीरची तक्रार परिषदेकडे नेली तेव्हा शब्द वापरला तो ‘सिच्युएशन’. भारत तेव्हा परिषदेचा सदस्य नव्हता, म्हणजे मत वाचवायचा सवाल नव्हता. पण ‘सिच्युएशन’ म्हटलं की एका बाजूने आगळीक केली आणि त्यातून परिस्थिती बिघडली, असं म्हणता येतं. ‘डिस्प्यूट’ म्हटलं की दोघेही वादी-प्रतिवादी म्हणून एका रांगेत उभे. महिना संपायच्या आत परिषदेने आपल्या कामकाजातलं ‘जम्मू-काश्मीर प्रश्न’ हे नाव बदलून ‘भारत-पाकिस्तान प्रश्न’ केलं, तेव्हा नेमकं हेच घडलं. पुढे १९७२ च्या सिमला करारात दोन्ही देश आपले ‘डिफरन्सेस’ दोघांत बसून शांततेने मिटवतील, असं आलं. ‘डिफरन्स’ म्हणजे फरक, अंतर. त्याला पंच लागत नाही. तिसऱ्या कुणाला मधे घ्यायचं नाही हे ज्याला सुचवायचं आहे, त्याच्यासाठी हा शब्द सोयीचा. तेव्हा इंग्रजी मसुद्यात ‘डिफरन्सेस’ दिसलं तर मराठीत ‘वाद’ लिहू नका, ‘मतभेद’ चालेल.

घराजवळचं उदाहरण घ्यायचं तर बेळगावचं. मराठीत आपण ‘सीमाप्रश्न’ म्हणतो, ‘सीमालढा’ म्हणतो. इंग्रजी वर्तमानपत्रं ‘बॉर्डर राउ’ म्हणतात. महाराष्ट्राने २००४ मध्ये राज्यघटनेच्या १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, आणि त्या कलमातला शब्द आहे ‘डिस्प्यूट’, तोही कायदेशीर हक्काच्या प्रश्नावरचा. कर्नाटकची भूमिका अशी की महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालाने विषय संपला. थोडक्यात, ‘डिस्प्यूट’ शिल्लक आहे की नाही, हाच ‘डिस्प्यूट’. पाण्याच्या बाबतीत वाट आणखी वेगळी. १९५६ च्या आंतरराज्य नदी पाणीतंटा कायद्याखाली प्रकरण लवादाकडे जातं. कृष्णेच्या पाण्यावर आधी बच्छावत आणि मग ब्रिजेशकुमार लवाद बसले ते याच वाटेने. मराठीने इथे ‘तंटा’ शब्द उचलला, तो उत्तम. तंट्याला मिटवणारा लागतो हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. गावोगावच्या तंटामुक्त समित्यांना ते नाव म्हणूनच शोभलं. ओघात आलं म्हणून सांगतो, इंग्रजीतला ‘रायव्हल’ हा शब्द लॅटिनमधल्या ओढ्यावरून आला आहे. एकाच ओढ्याचं पाणी घेणारे ते ‘रायव्हल’. अलमट्टी धरणाच्या उंचीची बातमी आली की सांगली-कोल्हापूरकरांना याची फोड करून सांगायला नको.

कारखान्यात ‘डिस्प्यूट’चं वजन याहून जास्त. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येत ‘डिस्प्यूट ऑर डिफरन्स’ असे दोन्ही शब्द होते, पण खरी मेख पुढे होती. एका कामगाराला मालकाने काढलं, तर तो एकट्याचा गाऱ्हाण्याचा विषय. युनियनने किंवा बऱ्याच कामगारांनी तो आपला म्हणून हाती घेतला, तरच ‘इंडस्ट्रियल डिस्प्यूट’. १९६५ मध्ये कायद्यात २अ कलम घातलं, तेव्हा कामावरून काढलेल्या एकट्या माणसालाही ते दार उघडलं. आणि १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला मुंबईच्या गिरण्यांचा संप आठवा. अडीच लाखांच्या आसपास कामगार दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे गिरणी कामगारांची प्रातिनिधिक संघटना होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगार रस्त्यावर होते सामंतांबरोबर, आणि कायद्याच्या टेबलावर त्यांच्या वतीने बोलायचा हक्क दुसऱ्याच संघटनेचा. ‘स्ट्राइक’ एकाची, ‘डिस्प्यूट’ दुसऱ्याचा. त्या संपाविषयी इंग्रजीत लिहिलेलं वाचताना हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरलेले दिसले तर लिहिणाऱ्याला गिरणगाव कळलेलं नाही, असं खुशाल समजावं.

आता ‘क्वॉरल’. याचं मूळ लॅटिनमधल्या तक्रारीत, कुरकुरीत आहे. म्हणून ‘क्वॉरल’ला आधीचं नातं लागतं. भाऊ-भाऊ, नवरा-बायको, शेजारी, जुने भागीदार. अनोळखी माणसाशी बसमध्ये खटका उडाला तर त्याला सहसा ‘क्वॉरल’ म्हणत नाहीत. जुना अर्थ आजही जिवंत आहे: मोहम्मद अलीने १९६६ मध्ये व्हिएतनामच्या लढाईत जायला नकार देताना, व्हिएत काँगशी आपलं काही ‘क्वॉरल’ नाही, असं सांगितलं. त्याचं भाषांतर ‘माझं त्यांच्याशी भांडण नाही’ असं करतात. पण अलीचा रोख ‘त्यांनी माझं काय वाकडं केलंय’ असा होता. याच शब्दाचा दुसरा उपयोग ब्रिटनचे पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन यांनी केला. २७ सप्टेंबर १९३८ च्या रेडिओ भाषणात त्यांनी जर्मनी आणि चेकोस्लोव्हाकियाच्या प्रकरणाला, दूरच्या देशातलं, आपल्याला काहीच माहिती नसलेल्या लोकांमधलं ‘क्वॉरल’ म्हटलं. एका देशाचे लचके तोडले जाणार होते, आणि शब्द वापरला आळीतल्या दोन घरांच्या कुरबुरीचा. राजकारणी मोठी गोष्ट छोटी करतात ती अशी, एका नामात.

फौजदारी कायद्यात ‘क्वॉरल’ आणि ‘फाइट’ यांच्या मधल्या फटीत माणसाचा जीव अडकलेला असतो. भारतीय दंड संहितेच्या ३०० व्या कलमाचा चौथा अपवाद, आता भारतीय न्याय संहितेच्या १०१ व्या कलमात गेलेला, असं सांगतो की आधी ठरवलेलं नसताना, अचानक झालेल्या ‘क्वॉरल’वरून, रागाच्या भरात, अचानक जुंपलेल्या ‘फाइट’मध्ये कुणी मेलं, आणि मारणाऱ्याने गैरफायदा घेतला नाही किंवा क्रौर्य दाखवलं नाही, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. ‘क्वॉरल’ तोंडाचं, ‘फाइट’ हातापायांची. दोन्ही सिद्ध करावी लागतात. बाचाबाची झाली आणि एकानेच काठी चालवली, दुसऱ्याने हात उचललाच नाही, तर ‘फाइट’ झालीच नाही आणि अपवाद कोसळला. जबाबाच्या मराठी कागदात ‘भांडण झाले’ एवढंच लिहिलेलं असतं. तोंडी की हाताने, हे भाषांतर करणाऱ्याने विचारून घेतलं नाही, तर वकिलाच्या हातात काहीच राहत नाही.

त्याच मारामारीला जागेप्रमाणे नावही बदलतं. सार्वजनिक जागी दोघेजण भिडले आणि शांतता भंगली तर ‘अफ्रे’. तेच दोघे बंद दाराआड भिडले तर ‘अफ्रे’ नाही. पाच किंवा जास्त माणसांचा बेकायदा जमाव असेल आणि त्याने बळ वापरलं तर ‘रायट’. नळावर दोघींनी एकमेकींच्या झिंज्या धरल्या की ‘अफ्रे’; मागून घरची मंडळी एका हेतूने धावून आली आणि आकडा पाचावर गेला की ‘रायट’. बातमीदार मात्र ‘रायट’ म्हटलं की जातीय दंगलच समजतो.

‘आर्ग्युमेंट’ हा शब्द दोन तोंडांनी बोलतो. ‘ही हॅड अ‍ॅन आर्ग्युमेंट’ म्हणजे त्याची कुणाशी तरी जुंपली. ‘ही हॅज अ‍ॅन आर्ग्युमेंट’ म्हणजे त्याच्यापाशी युक्तिवाद आहे. मुळात अर्थ स्पष्ट करणं, उजळ करणं असा, आणि चांदीच्या लॅटिन नावाशी त्याचं गोत्र लावतात. मराठी घरात ‘आर्ग्यू करू नकोस’ म्हणणाऱ्या आईला चांदीशी देणंघेणं नसतं. तिला ‘उलट बोलू नकोस’ म्हणायचं असतं. ‘डिबेट’च्या पोटात ठोकणं आहे, ‘डिस्कस’च्या पोटात हलवून सुटं करणं. आपल्याकडे न्यायसूत्रांनी ही वाटणी फार आधी आणि जास्त नेटकी केली होती: सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजूच न मांडता दुसऱ्याची नुसती मोडायची ती वितंडा. दूरचित्रवाणीवर रात्री नऊला ‘डिबेट’ म्हणून जे चालतं त्याचं नाव आपल्याकडे तयार आहे, फक्त वापरायची लाज वाटते.

या ओळीत ‘रँगल’ हा शब्द मराठी वाचकाला खास गमतीचा वाटावा. अर्थ, कटकट करत भांडणं, हुज्जत घालणं. केंब्रिजमध्ये पूर्वी पदवीसाठी लेखी परीक्षा नव्हती. उमेदवाराने एक सिद्धांत मांडायचा, इतरांनी त्यावर तुटून पडायचं आणि ‘मॉडरेटर’ने बसून ऐकायचं. या हुज्जतीत जो सर्वांत पुढे तो ‘सीनियर रँग्लर’. पुढे तोंडी वाद गेला, गणिताचे लेखी पेपर आले, नाव तेच राहिलं. १८९९ मध्ये मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले, तो मान मिळवणारे पहिले भारतीय. पुण्यात येऊन फर्ग्युसनचे प्राचार्य झाले आणि ‘रँग्लर परांजपे’ हेच त्यांचं नाव झालं. रँग्लर म्हणजे मुळात हुज्जतखोर, हे पुण्याला कुणी सांगितलं नसावं. सांगितलं असतं तरी पुण्याने ते भूषणच मानलं असतं.

‘डिसेंट’ला मी या पुस्तकात सर्वांत लांब टिपण दिलं आहे. मतभेद दोन बरोबरीच्या माणसांत असतो. ‘डिसेंट’ला वर कुणीतरी लागतं: बहुमत, चर्च, सरकार. इंग्लंडमध्ये १६६२ च्या कायद्याने अधिकृत प्रार्थनापुस्तक न मानणाऱ्या सुमारे दोन हजार धर्मोपदेशकांना चर्चमधून बाहेर काढलं. ‘डिसेंटर’ हे नाव त्या परंपरेतल्या लोकांना चिकटलं. ऑक्सफर्ड-केंब्रिजची दारं त्यांना पूर्ण उघडायला १८७१ उजाडलं. एकट्याने बसलेल्या न्यायाधीशाला ‘डिसेंट’ लिहिता येत नाही. त्यासाठी खंडपीठ हवं आणि खंडपीठात हरायची तयारी हवी.

२८ एप्रिल १९७६ ला, आणीबाणीत, एडीएम जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की स्थानबद्ध माणसाला सुटकेसाठी न्यायालयाचं दार ठोठावता येणार नाही. नऊ उच्च न्यायालयांनी याच्या उलट मत दिलं होतं. तो एक म्हणजे न्यायमूर्ती हंसराज खन्ना. पुढच्या जानेवारीत सेवाज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्याला दिलं गेलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. बहुमताच्या चौघांत पुण्याचे यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयतेच्या खटल्यात तो जुना निकाल चुकीचा ठरवला, तेव्हा तसं लिहिणारे न्यायमूर्ती त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. खन्नांनी लिहिलं त्याला ‘भिन्नमत’ म्हणणं मला अपुरं वाटतं. भिन्नमत जेवणाच्या मिठाबद्दलही असतं. ‘विरोधी मत’ त्यातल्या त्यात बरं, पण त्यात वरच्याला नाही म्हणण्याची किंमत येत नाही. समाधानकारक शब्द मला सापडलेला नाही.

‘कॉन्फ्लिक्ट’ आज सर्रास वापरला जातो तो बहुधा त्याला माणसं लागत नाहीत म्हणून. दोन तारखांचा कॉन्फ्लिक्ट, दोन कायद्यांचा कॉन्फ्लिक्ट, ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’. त्यात कुणी भांडत नसतं. १९४९ च्या जिनिव्हा करारांनी ‘आर्म्ड कॉन्फ्लिक्ट’ हा शब्द चांगल्या हेतूने आणला: युद्ध जाहीर झालं नसलं तरी जखमी आणि कैद्यांना संरक्षण मिळावं. पण सरकारांनी त्यातली पळवाट हेरली. १९५६ मध्ये सुएझवर फौज पाठवताना ब्रिटनचे पंतप्रधान अँथनी ईडन यांनी संसदेत सांगितलं की हे युद्ध नव्हे, आर्म्ड कॉन्फ्लिक्ट आहे. त्याआधी १९५० मध्ये कोरियात अमेरिकी सैन्य उतरलं तेव्हा ट्रुमन यांनी पत्रकाराने पुढे केलेला ‘पोलीस अ‍ॅक्शन’ हा शब्द मान्य केला होता. हैदराबादच्या १९४८ च्या कारवाईमुळे मराठवाड्याला तो चांगला परिचयाचा आहे. उत्तर आयर्लंडमध्ये तीन दशकं बाँब फुटले, साडेतीन हजारांहून जास्त माणसं मेली, आणि नाव काय, तर ‘द ट्रबल्स’. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतरही तेच नाव चालू आहे. आपल्याकडे १५ जून २०२० च्या रात्री गलवानमध्ये वीस भारतीय जवान मारले गेले. लष्कराच्या दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या निवेदनातला शब्द ‘व्हायोलंट फेस-ऑफ’ होता. मराठी पत्रांनी ‘चकमक’, ‘झटापट’, ‘संघर्ष’ असे तीन निरनिराळे शब्द वापरले. गोळी सुटली नव्हती, हातघाईची लढाई झाली होती, म्हणून ‘झटापट’ सर्वांत जवळचा.

किरकोळ शब्दांची बोळवण इथेच करतो. ‘स्क्वॉबल’ आणि ‘बिकरिंग’ पोरांचं आणि म्हाताऱ्या जोडप्यांचं, कारण क्षुल्लक. ‘टिफ’ प्रेमिकांचा. ‘फ्यूड’ पिढ्यान्‌पिढ्यांचा, तिथे मूळ कारण सांगणारा माणूस कधीच गेलेला असतो. आपली भाऊबंदकी याच्या शेजारची, पण तिच्यात बांध आणि वाटणी असते, आणि तिला इंग्रजीत नाव नाही. मथळ्यात बसतो म्हणून इंग्रजी पत्रांचा लाडका ‘राउ’ तीन अक्षरांचा आहे. त्याचा उच्चार रांगेच्या ‘रो’सारखा करू नये.

शब्दांची मांडणी अकारविल्हे नाही. भांडण मिटवणाऱ्याप्रमाणे आहे. पहिल्या भागात पंच किंवा न्यायालय लागणारे शब्द, दुसऱ्यात दोघांनीच मिटवायचे, तिसऱ्यात न मिटणारे. कोर्टात, युनियनच्या कचेरीत, पोलीस ठाण्यात आणि बातमीच्या टेबलावर काम करणाऱ्यांना माझ्यापेक्षा चांगले मराठी प्रतिशब्द ठाऊक असणार. ते प्रकाशकांकडे पाठवावेत. ‘डिसेंट’साठी तर जरूर पाठवावेत.